राइड कंटिन्यू
पुण्याहून पहाटे निघालेला बुलेटवाल्यांचा जथा पसरणी घाट चढून पाचगणीत थांबतो. चहा होतो, फोटो होतात. मग म्होरक्या फर्मावतो, ‘चला, राइड कंटिन्यू करू!’ निघायला कोणाची ना नसते. ‘निघू या’ म्हणायला मात्र असते. तसं म्हटलं तर अडीच लाखांची गाडी एसटीच्या पंगतीला बसायची.

इंग्रजीतलं ‘राइड’ हे क्रियापद मुळात घोड्यावरचं. घोड्यावरूनच अटकेपर्यंत गेलेल्या मराठ्यांकडे रपेट होती, कूच होतं, मजल-दरमजल होती. १७५८ साली कोणी काही कंटिन्यू केल्याचं ऐकिवात नाही.

गंमत म्हणजे ‘राइड कंटिन्यू करू’ म्हणूनही भार ओढतं ते मराठी ‘करणं’च, इंग्रजी शब्द मागच्या सीटवर.

पुढे वेण्णा तलावापाशी कोणी कळवतो, ‘माझी राइड स्टॉप झालीय.’ पंक्चरवाला विचारतो, ‘पुढचं चाक की मागचं?’