पीक बुडविण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पीक कसे आणावे याविषयी आपल्याकडे ग्रंथांना तोटा नाही; परंतु ते सरकारी हिशेबात रीतसर बुडाले असे ठरण्यासाठी कसे बुडवावे, हे शास्त्र अद्याप उपेक्षितच राहिले असल्याने, २०१६ च्या खरिपापासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या आधारे त्याची मूलतत्त्वे जिज्ञासू खातेदारांपुढे सादर करीत आहोत.

पहिला नियम असा की, पीक एकट्याने बुडवू नये. नुकसान मोजले जाते ते तुमच्या शेताचे नव्हे, तर अवघ्या महसूल मंडळाचे. सबब पेरणीपूर्वीच मंडळातील यच्चयावत गावांशी विचारविनिमय करून सामुदायिक अपयशाची तजवीज करावी. पूर्वी गारपिटीची वा पुराची खबर ७२ तासांत दिली तर एकट्यादुकट्या शेताचाही पंचनामा होत असे. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने शेतकऱ्याकडून एकच रुपया घेणाऱ्या विम्याबरोबर हीही चैन बंद केली आणि सारा भार पीक कापणी प्रयोगावर टाकला. या प्रयोगात संख्याशास्त्राच्या मर्जीने एखाद्या गटाची निवड होते, त्यात बहुधा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा दोरीने आखला जातो, आतील पीक कापून, मळून, तोलले जाते. दोरीबाहेर काय जळाले याची दप्तरी दखल नसते.

दुसरा नियम दुष्काळांच्या संख्येचा. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाचांची सरासरी काढून तिचे ७० टक्के घेतले की ‘उंबरठा उत्पन्न’, म्हणजे ज्याखाली मंडळ घसरले तरच भरपाई मिळते ती रेषा, सिद्ध होते. दोन वाईट वर्षे अशी उदार अंतःकरणाने वगळली जातात. तिसरे मात्र सरासरीत शिरून उंबरठाच खाली ओढते, आणि जमिनीला टेकलेल्या उंबरठ्यावरून कोणी पडला असे कोणताही अंमलदार मान्य करणार नाही. यास्तव सात वर्षांत दोहोंपेक्षा अधिक दुष्काळ पडू देऊ नयेत.

समजा, बाजरीची ही सरासरी हेक्टरी १,००० किलो आहे. उंबरठा ७०० चा. वरचे ३०० किलो तुम्ही निमूटपणे सोसावयाचे. मंडळात प्रत्यक्ष ६३० निघाले, तर तूट उंबरठ्याच्या दहाव्या हिश्शाची. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० रुपये धरल्यास भरपाई ३,००० आणि तुमची जमीन २० आर असल्यास ६०० रुपये. तुमच्या शेतात दाणाही भरला नसला तरी आकडा हाच. तो अपुरा वाटल्यास अंमलदारांस बोल न लावता, ज्याच्या विहिरीला पाणी टिकले आणि दोरी नेमकी ज्याच्या शेतात पडली, त्या शेजाऱ्याची समक्ष गाठ घ्यावी.