डोक्याचा उपयोग

पावसाळा लागला की मुंबईकराला गाढी नदीचा आवाज घरी न्यावासा वाटतो. त्यासाठी पनवेल ओलांडून नेऱ्याला येण्याआधी खरेदी करावी लागते: बायनॉरल इअरफोन-माइक. दोन्ही कानांत एकेक माइक. डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा मंद पोचतो. तो फरक टिपायचा. म्हणजे या सगळ्या उद्योगात डोक्याचा उपयोग एवढाच.

रोलंडचा सीएस-१०ईएम घ्यावा, तर फोनच्या गोल खोबणीत माइकसाठी वाट एकच. दोन कानांनी ऐकलेले तिथे एकाच कानाचे होते. सेनहायझरचा अँबिओ आयफोनच्या लायटनिंग खोबणीसाठी होता. २०२३ पासून नव्या आयफोनात ती खोबणच नाही.

रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपची मौज वेगळीच. बोलणे राखायचे आणि गोंगाट पुसायचा, हा फोनचा धर्म. त्यामुळे बेडूक, रातकिडे, पाऊस सगळे पुसले जाते आणि ‘भजी आली का?’ तेवढे लख्ख उरते.

म्हणून जाणकार सांगतात: आवाजाची सफाई बंद, आपोआप चढउतार बंद, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. मग यंत्र प्रामाणिक होते. डाव्या कानात फार्महाउसचा डीजे, उजव्यात पाऊस आणि मधोमध डंपर. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून डोक्यावरचा मजलाही रिकामा राहील याची शाश्वती नाही.

उपाय सोपा आहे. फाइलला ‘रानातला पाऊस’ असे नाव द्यावे आणि ऐकणाऱ्याला डावा इअरफोन काढून ठेवायला सांगावे.