स्वस्तातला मिस्त्री मालकाचा, ओल भाडेकरूची

भाड्याच्या घरातलं बाथरूम गळायला लागलं की शिव्या प्लंबरला पडतात. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरमालकाला पडायला हव्यात. काम कुणाला द्यायचं ते मालक ठरवतो, घासाघीस मालक करतो, पैसे मालक देतो. आणि रोज सकाळी तुंबलेल्या पाण्यात उभं राहून अंघोळ करतो तो भाडेकरू. ज्याला त्या बाथरूममध्ये पाऊल टाकायचं नाही, तोच माणूस निवडणार. मग तो सगळ्यात स्वस्त माणूस निवडतो, यात नवल ते काय?

सोलापुरात हे दुखणं जास्त जाचतं, कारण हे शहर पाण्याच्या दिवसावर जगतं. २०१६च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीची चर्चा लोकांनी वर्षानुवर्षं ऐकली. आणि त्या सगळ्या काळात बहुतेक भागांत नळाला पाणी आलं ते चार-पाच दिवसांआड. कधी कामावर खाडा करून, कधी पहाटे उठून भरलेलं हे पाणी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी घालवतो. म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मध्ये सहा-सात घागरी गेल्या. मालकाला फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘थेंबच गळतंय की, बघू पुढच्या महिन्यात.’ खालच्या हौदातून जिन्याने घागरी वर नेणाऱ्या बाईला त्या थेंबाची किंमत विचारा, मग बोला.

काम बिघडतं कुठे? तारखांत. जुना भाडेकरू तीस तारखेला जातो, नवा एक तारखेला यायचा असतो. फार तर चार दिवसांची फट मिळते. तेवढ्यात जुनी शहाबादी फरशी काढून टाइल बसवायची, गंजलेला लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकायचा, कमोड बदलायचं. खरा क्रम असा आहे, की पाइपचे जोड चिकटवल्यावर ते नीट धरू द्यायचे, तोंडं बंद करून पाण्याच्या दाबाखाली तपासायचे आणि मगच भिंत बुजवायची. खाली वॉटरप्रूफिंग झालं की उंबऱ्याला सिमेंटची पाळ घालायची, निदान एक दिवस-रात्र पाणी भरून ठेवायचं, खालच्या छताला किंवा बाहेरच्या भिंतीला ओल फुटत नाही ना हे बघायचं. फरशी त्यानंतर.

भाड्याच्या घरात हा पाणी भरून ठेवायचा दिवस हमखास वगळतात, कारण त्या दिवसाचं भाडं बुडतं. सोलापुरात वर आणखी एक सबब तयार असते, ‘एवढं पाणी आणायचं कुठून?’ हिशेब करून बघा. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरायला शंभर-सव्वाशे लिटर लागतं. नुसता एक गळका नळ आठवडाभरात तेवढं पाणी वाहून घालवतो. ही काटकसर नाही, हा आळस आहे.

दुसरी मेख गवंडी आणि प्लंबर यांच्या मधे आहे. प्लंबर सोमवारी येतो आणि नहाणी ट्रॅप अंदाजाने बसवून जातो. गवंडी बुधवारी येतो आणि फरशीला आपल्या हिशेबाने ढाळ देतो. शेवटी जाळी फरशीपेक्षा बोटभर वर राहते, ट्रॅप आणि फरशी यांच्यामधली फट व्हाइट सिमेंट लिंपून झाकली जाते. सहा महिन्यांत ते सिमेंट सुटतं आणि पाणी तिथून खाली उतरायला लागतं. प्लंबरला विचारा, तो म्हणतो फरशी गवंड्याची. गवंड्याला विचारा, तो म्हणतो जाळी प्लंबरची. दोघंही आपापल्या परीने खरं बोलतात. खोटं बोलतो तो, ज्याने दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, कामावर एकदाही फिरकला नाही, आणि नव्या भाडेकरूला ‘सगळं मी स्वतः उभं राहून करून घेतलंय’ असं सांगितलं.

खात्रीचा माणूस कसा ओळखायचा, ते मी जुळे सोलापुरातल्या एका भाड्याच्या घरात पाहिलं. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीचे पापुद्रे निघत होते. आधी येऊन गेलेल्याने भिंत फोडून शॉवरचा डायव्हर्टर बदलला होता, जुळणाऱ्या टाइल मिळाल्या नाहीत म्हणून भलत्याच रंगाचे तुकडे लावले होते. ओल होती तशीच. हा दुसरा माणूस आला, पिशवी दाराबाहेर ठेवली आणि पहिलं विचारलं, ‘ताई, भिंत सारखी ओली असते का कमी-जास्त होते?’ त्या म्हणाल्या, ‘अंघोळी झाल्या की वाढते, मामा. आम्ही गावाला गेलो होतो तेव्हा सुकली होती.’ त्याने घरातले सगळे नळ बंद करायला लावले, गच्चीवर जाऊन टाकीत काठी बुडवली, पाण्याची रेघ काठीवर खिळ्याने ओढून ठेवली. तासाभराने पुन्हा बुडवली. पाणी रेघेलाच. म्हणजे टाकीपासून नळापर्यंतचा पाइप शाबूत.

मग मगाने एकेका कोपऱ्यात पाणी ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. तीन कोपऱ्यांतलं पाणी जाळीकडे आलं, चौथ्यातलं भिंतीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. खिशातलं नाणं काढून फरशी वाजवत गेला. जाळीभोवतीच्या चार फरश्या पोकळ वाजल्या. ‘पाइपात काही नाही. ट्रॅपच्या कडेने उतरतंय. तेवढं खोलायचं, भिंतीला हात लावायचा नाही.’ एवढा वेळ त्याची पिशवी उघडलीसुद्धा नव्हती.

त्याने बघण्याचे पैसे मागितले तेव्हा फोनवरून मालक म्हणाला, ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ अहो, आधीच्याने न बघता भिंत फोडली त्याचे पैसे तुम्ही बिनतक्रार दिलेत! सगळ्या कामात देण्यालायक पैसे कुठले असतील तर हेच. बघणाऱ्याला फुकट राबवायचं आणि फोडणाऱ्याला मजुरी द्यायची, हे जोवर चालू आहे तोवर भिंती फुटतच राहणार.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार घर राहण्याजोग्या अवस्थेत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. तो टाळाटाळ करत असेल तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही काम झालं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कलम चांगलं आहे. पण भाडेकरूने उलट करार केला नसेल तरच ते कामाला येतं. शिवाय आज घर मिळतं ते बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, आणि त्या करारावर राहणारा कायद्याच्या लेखी भाडेकरूच नसतो. त्याच्या हाती उरतो तो करारातला मजकूर. त्यात एक छापील ओळ हमखास असते, की घरातली सगळी अंतर्गत दुरुस्ती राहणाऱ्याने करायची. एजंट सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवतो, ही ओळ मात्र वाचून दाखवत नाही.

ही ओळ बदलून घ्या. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात दुरुस्तीची वाटणी स्पष्ट दिली आहे. पाइप बदलणं, नवे टाकणं मालकाकडे. नळ आणि त्याचे वॉशर, ड्रेनेजची सफाई, बेसिन, कमोड आणि गिझरची दुरुस्ती राहणाऱ्याकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण तीच वाटणी करारात लिहून घ्यायला कुणाची मनाई नाही. मला त्यात एकच भर हवी आहे. मालकाने बोलावलेल्या माणसाचं काम बिघडलं, तर ते निस्तरायचा खर्च मालकाचाच, मग बिघाड नळाचा असो की कमोडचा.

दुसरी गोष्ट डिपॉझिटची. घर सोडताना भिंतीची ओल दाखवून पैसे कापणारे मालक थोडेथोडके नाहीत. म्हणून किल्ली हातात आली त्याच दिवशी बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी ओता, ते कुठे जातं त्याचा व्हिडिओ काढा आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. भांडण नको म्हणून हे टाळलं, तर अकरा महिन्यांनी भांडण होणारच आहे, तेही पुराव्याशिवाय.

आणि प्लंबरकडून बिल घ्या. कागदाच्या चिटोऱ्यावर का होईना, नाव, तारीख, काय बदललं आणि किती पैसे घेतले, एवढं लिहिलेलं हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पण पावतीच नसेल तर आयोगासमोर जाऊन सांगणार काय? भिंत बुजवण्याआधी आतल्या पाइपचे फोटो मागून ठेवा. पुढचा माणूस फोडायला येईल तेव्हा त्याला कुठे फोडायचं ते कळेल. नीट काम करणारा माणूस यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हणत नाही. जो ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणून रुसतो, त्याला तिथूनच नमस्कार करा.

सोलापुरात चांगले हात नाहीत असं कुणी म्हणू नये. आयटीआयत प्लंबर हा एक वर्षाचा रीतसर ट्रेड आहे. ज्यांनी कुठल्याच वर्गात पाय ठेवला नाही, पण मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी उचलत वयाची वीस वर्षं घातली, असेही कितीतरी आहेत, आणि त्यातले काही अव्वल आहेत. महापालिका अधिनियमात परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. नळजोडणीच्या कामापुरता तो परवाना आठवतो, बाथरूमच्या आत कुणी विचारत नाही. त्यामुळे चांगला माणूस भाडेकरूपर्यंत पोचतच नाही. परगावाहून शिकायला आलेली पोरं, बदली होऊन आलेलं कुटुंब, यांना इथे ओळखीचं कोण असणार? त्यांच्या वाट्याला हार्डवेअरच्या दुकानाबाहेर उभा असलेला, उद्या न सापडणारा माणूस येतो.

महापालिकेने प्रत्येक झोन कार्यालयाच्या दारावर त्या त्या भागातल्या परवानाधारक प्लंबरांची नावं आणि फोन ठळक अक्षरांत लावावेत. याला निधी लागत नाही, एक फलक पुरतो. आणि घरमालकांनो, पुढच्या वेळी माणूस ठरवण्याआधी घरात राहणाऱ्याला विचारा. काम झालं की मजुरीचा शेवटचा हप्ता दोन दिवस हातात ठेवा, आणि ‘आता गळत नाही’ असं त्या घरातल्या माणसाने सांगितल्यावरच द्या.