उशिराचे दहा रुपये

अहो वहिनी, या जरा कुंपणाशी. कोपऱ्यावरच्या सूनबाईंचं काल रात्रीचं नाटक ऐकलंत की नाही?

बिर्याणी मागवली होती. वर दहा रुपये जादा भरलेले, उशीर झाला तर जेवण फुकट! झोमॅटोनं 2020 च्या सुमारास काढलं होतं बघा, तसलंच काहीतरी. दहा रुपये गेल्यापासून बाईंचा सगळा जीव घड्याळात. पोरं भुकेनं कळवळतायत, आणि ह्यांच्या मनात एकच, सिग्नल लागू दे, चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी जिन्यात शिरू दे. मेला डिलिव्हरीवाला पोरगा वेळेआधीच दारात हजर! बाईंचं तोंड असं उतरलं, की त्या पोराला वाटलं आपण ऑर्डरच चुकीची आणली.

हसताय काय? आमच्याकडेही तेच. हे अहमदाबादहून तेजसनं यायचे ना, तेव्हा गाडी तासाहून जास्त रखडली तर शंभर रुपये आणि दोन तासांच्या वर गेली तर अडीचशे मिळायचे. गाडी वेळेवर बोरिवलीला टेकली की घरी येऊन धुसफूस! पुढे ती भरपाईच बंद झाली, सुटलो.

तुमचा नातू डॉमिनोजच्या तीस मिनिटांचं सांगतो, त्याला म्हणावं बारीक अक्षरं वाच. ते घड्याळ आपल्या दारापर्यंत येतच नाही. पहिल्या अडथळ्यापाशी, म्हणजे गेटवरच्या वॉचमनपाशीच थांबतं. पुढे वॉचमन नाव-गाव लिहीत बसला तर तो वेळ आपल्या खात्यात. पण निदान त्या हमीचे वेगळे पैसे तरी मागत नाहीत.

मला विचाराल तर मी नाही देणार दहा रुपये. उशीर त्यांचा आणि भुर्दंड माझा? पाणी घालू नकोस म्हणून दूधवाल्याला वेगळे पैसे देतो का आपण? सूनबाई म्हणतात, काकू, दहा रुपयांत हल्ली येतं काय! अहो, म्हणून तर दहा ठेवलेत. पन्नास मागा, हीच बाई चपला घालून नाक्यावरून वडापाव आणेल. समजा हजार जणांनी दहा-दहा दिले आणि वीस-पंचवीस जेवणं फुकट गेली, तर कमावलं कुणी? आणि उशीर झालाच तर बोलणी खायची कुणी, तर पावसात भिजून आलेल्या त्या पोरानं.

खरी गंमत पुढेच आहे. ह्याच सूनबाईंचा विरारचा फ्लॅट दोन वर्षं रखडलाय. रेरा कायद्याच्या अठराव्या कलमात सरळ लिहिलंय, करारातली तारीख उलटली आणि तुम्हाला फ्लॅट हवाच असेल, तर ताबा मिळेपर्यंत बिल्डरनं महिन्याच्या महिन्याला व्याज द्यायचं. आपल्याकडे स्टेट बँकेचा सगळ्यात चढा एमसीएलआर की काय तो, त्यावर आणखी दोन टक्के! त्यासाठी आधी जादा काही भरायचं नाही, हक्काचे पैसे. मी म्हटलं, करा की तक्रार. तर म्हणतात, नको काकू, बिल्डर बिथरला तर चावी आणखी लांबेल.

बिर्याणीला मिनिटं मोजते, फ्लॅटला वर्षंही मोजत नाही. आता काय म्हणायचं हिला?

तुमच्या भाच्यानं केला होता ना महारेराकडे अर्ज? त्याला रविवारी चहाला बोलवा. मी हिला हाताला धरून आणते. कागद कुठले लागतात ते तोच नीट सांगेल.