फूलिशली आणि स्वल्पविराम

"काका, फूलिशली म्हणजे?" आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पुतणीनं विचारलं. 'मूर्खपणाने' म्हणून मोकळं व्हायचं, तर मी कपाटावरचा मोल्सवर्थ काढला. 1831 साली पहिल्यांदा छापलेला हा कोश मराठीतून इंग्रजीत जातो. मला जायचं होतं उलट. त्यासाठी 1847चा कँडीसाहेबांचा कोश हवा, तो माझ्याकडे नाही. तरी पानं चाळत राहिलो. पोरीसमोर एवढा जाड कोश काढल्यावर तो लगेच मिटवणार कसा?

"अगं, आपल्याकडे यासाठी म्हणी आहेत," मी सुरू झालो. "भविष्य विचारायला जाऊन खोड ऐकून यायची, ते हात दाखवून अवलक्षण. पदरचे पैसे घालून डोकेदुखी आणायची, ते विकतचं श्राद्ध. आणि उंटावरचा शहाणा! वासराचं तोंड रांजणात अडकलं. शहाण्याला बोलावलं, तर तो उंटावरून उतरेना. त्याला आत घ्यायला भिंत पाडली. तो म्हणाला, आधी मुंडकं कापा, मग रांजण फोडा. वासरू गेलं, रांजण गेला, भिंतही गेली. शहाणा उंटावरच!"

"काका, परीक्षा उद्या आहे."

मग मुद्द्यावर आलो. 'फूलिशली' वाक्याच्या सुरुवातीला आलं आणि पुढे स्वल्पविराम असला, तर ती गोष्ट करणंच मूर्खपणाचं. शेवटी आलं, तर करण्याची तऱ्हा मूर्खासारखी. उदाहरण म्हणून तोंडातून निघालं, "त्याने सही केली."

बाबांनी मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. मित्र गाव सोडून गेला. नऊ वर्षं हप्ते आमच्या घरातून गेले. नातेवाईक अजून म्हणतात, "वेड्यासारखी सही केली." मला याचा राग येतो. मी तो कागद पाहिलाय. शाईच्या पेनानं, सावकाश काढलेलं अक्षर, आडनावाखाली झोकदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं. वेड्याची सही अशी नसते. करायला नको होती म्हणा हवं तर. पण मग स्वल्पविराम द्या.

पुतणीला हवे तेवढे गुण मिळाले. गेल्या आठवड्यात तिच्या शिक्षणकर्जाला जामीनदार म्हणून मी सही केली.

"नीट वाचलंत ना?" बायकोनं विचारलं.

वाचलं नव्हतं. आणि अक्षरही बाबांसारखं आलं नाही.