इमारतीतून अमिरातीत: अरबी शिकू पाहणाऱ्या नवशिक्यांस सूचना

साहित्य: एक वही, एक पेन्सिल, एक स्वेटर. स्वेटर हा विनोद नाही. संयुक्त अरब अमिरातींतल्या शारजात ‘युनिव्हर्सिटी सिटी’ नावाचा अख्खा भाग आहे. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि घुमटांच्या इमारती, आत वर्गात महाबळेश्वर. पहिल्या आठवड्यात तुम्ही अरबीत फक्त शिंकाल.

पायरी पहिली, घसा. अरबीत अक्षरे २८. त्यांत ‘प’ नाही, म्हणून पुण्याचे ‘बुणे’ होते. पुणेकरांनी मनाची तयारी करूनच विमानात बसावे. उलट ‘ऐन’ नावाचे एक अक्षर आहे, ते घशाच्या तळघरात राहते आणि देवनागरीत काही केल्या उतरत नाही. ते टाळून चालत नाही. अमिरातींना अरबीत म्हणतात ‘इमारात’ आणि इमारतींनाही ‘इमारात’. फरक इतकाच की इमारतींच्या सुरुवातीला हे ऐन आहे. आपली मराठी ‘इमारत’ त्याच घरातली, पण इकडे येताना तिने घसा बंदरावरच ठेवला. मी नको तिथे ऐन लावून वर्गात जाहीर केले, “मी संयुक्त अरब इमारतींमध्ये शिकायला आलो आहे.” आमच्या बाई सीरियाच्या. त्यांनी खिडकीबाहेरच्या क्रेनकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बरोबर आहे.”

सराव न्हाणीघरात करावा. शेजारच्या खोलीतल्या मुलाने दार ठोठावून “उलटी होतेय का?” असे विचारले, की समजावे, जमू लागले.

पायरी दुसरी, आकडे. इथे मराठी माणूस हमखास पडतो. अरबी पाच म्हणजे आपले शून्य, अरबी शून्य म्हणजे नुसते टिंब आणि अरबी नऊ दिसतो आपल्या १ सारखा. पहिल्या चाचणीत बाईंनी माझ्या वहीवर छान गोल शून्य काढले. मी रात्री जेवलो नाही. ते दहापैकी पाच होते. पुढच्या चाचणीत एक मिळाला म्हणून पुन्हा उपाशी राहिलो. तो नऊ होता. तक्रार करायला जाऊ नका. अरब लोक या आकड्यांना ‘हिंदी आकडे’ म्हणतात आणि दोष आपल्याच पूर्वजांकडे येतो.

पायरी तिसरी, बाजार. वर्गात शिकवतात ती फुसहा, म्हणजे ग्रंथांची आणि बातम्यांची अरबी. ती घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जा. दुकानावर पाटी असते ‘बकाला’; आजीच्या तोंडी वाणी-बकाल येई, तोच हा बकाल. आत जाऊन विभक्तीच्या सगळ्या प्रत्ययांसह दुधाची मागणी करा. दादरच्या मंडईत कोणी “हे गृहस्था, मज पावशेर भेंडी देववावी” म्हणाले तर भाजीवाला जसा बघेल, तसे कासरगोडचे दुकानदार तुमच्याकडे बघतील आणि विचारतील, “भाई, फुल क्रीम या लो फॅट?”

या देशाची खरी अडचण हीच. नागरिक दहांत जेमतेम एखादा, बाकी सारे तुमच्यासारखे बाहेरून आलेले, आणि तुमच्या तोंडाकडे पाहून प्रेमाने हिंदीत बोलणारे. टॅक्सीवाला पेशावरचा, न्हावी मुलतानचा, कँटीनवाला मलप्पुरमचा. पहिल्या सहामाहीअखेर माझे मल्याळम बरे झाले होते. त्यातून शारजात जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शुक्रवार ते रविवार. हे तीन दिवस बहुतेक जण दुबईच्या करामा भागात, आत्येभावाच्या बेड-स्पेसवर, म्हणजे भाड्याच्या एका खाटेवर, साबुदाण्याची खिचडी खात काढतात. तुम्हीही काढाल. माझ्याकडे यावर उपाय नाही, खिचडी चांगली असते.

पायरी चौथी, शब्दसंग्रह. शारजातच अरबीचा ऐतिहासिक कोश २०२४ साली १२७ खंडांत पुरा झाला. विकत घेऊ नये. आधी बेड-स्पेस मोजावी. त्यापेक्षा आजीला आठवावे. सरकारी कागदावर डोक्याला लिहिलेले असते ‘हुकूमत’. अर्जात जन्माची ‘तारीख’ विचारतात आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापुढे ‘जिन्सिया’. वाण्याच्या यादीतल्या जिन्नसाची ही सख्खी बहीण. अरबी अनेकवचने शब्दाची हाडे मोडून होतात, वर्ग रडकुंडीला येतो, तेव्हा तुम्ही बखरीतले ‘अमीर-उमराव’ आठवा. अमीर एक, उमरा अनेक. आपण चारशे वर्षे एकवचन आणि अनेकवचन शेजारी बसवून बोलतो आहोत, कोणी सांगितले नाही इतकेच. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो असलेच शब्द कारभारातून बाहेर काढायला. पुढे सावरकरांनी तारखेचा दिनांक केला. तुम्हाला त्याच रस्त्याने उलटे चालत जायचे आहे. घरी सांगू नका.

घरून फोन येतोच. “काहीतरी बोलून दाखव बघू,” असे आई म्हणेल. तुम्ही शुद्ध फुसहात कुटुंबाची खुशाली विचाराल. आई म्हणेल, “हे मौलवींसारखं नको, दुकानात बोलतोस तसं बोल.” आता तिला मल्याळम ऐकवणार का?

पायरी पाचवी, खरा अरब. तो वर्गात नसतो आणि मॉलमध्ये घाईत असतो. मला दुबईच्या खाडीवर भेटला, बर दुबईच्या बाजूला, पांढरी दाढी, पांढरा पायघोळ कंदोरा. मी चार वेळा मनात घोकून फुसहात विचारले, अब्रा (खाडी ओलांडणारी होडी) कुठून सुटतो? त्याने काठी पुढे केली. “सीदा.”

दोन वर्षांचा राग उसळून आला. मी म्हणालो, आजोबा, कृपा करून माझ्याशी हिंदी नको, अरबीत बोला. तो थांबला, मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि शिकवणीच्या सुरात म्हणाला, “सीदा अरबीच आहे.” आणि ते खरे आहे. आखाती बोलीत सरळ म्हणजे ‘सीदा’, बूट म्हणजे ‘जूती’. इथले व्यापारी मोती विकायला मुंबई गाठत. १९५९ ते १९६६ इथल्या बाजारात आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चाले. शब्द त्या व्यापाऱ्यांच्याच गलबतांतून आले.

अब्रात तो माझ्या शेजारीच बसला. मी कुठला, असे त्याने विचारले. मुंबई म्हटल्यावर तो हिंदीत सुरू झाला, अगदी भेंडीबाजारची हिंदी. मी अरबी सोडली नाही, त्याने हिंदी सोडली नाही. पलीकडचे देरा येईपर्यंत हे चालले.

अब्राचे भाडे एक दिरहम. सुटा न्यावा. नाण्यावरचा आकडा वाचायला जाऊ नये.