जडवस्तू संग्रहातील लॅपटॉप

सहावी ते आठवी या इयत्तांना शासकीय परिभाषेत उच्च प्राथमिक म्हणतात, आणि २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेने संगणक-शिक्षणाचे साहाय्य सहावीपासूनच्या वर्गांना लागू केल्यामुळे, बारा-तेरा वर्षांचे मूल आणि लॅपटॉप यांची गाठ निदान कागदोपत्री तरी पडलेली आहे. प्रत्यक्षात ही गाठ पडण्याच्या वाटेत मुख्याध्यापकांचे लोखंडी कपाट उभे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत लॅपटॉप येतो तो शासनाकडून, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून किंवा गावाने काढलेल्या वर्गणीतून, जिला अहवालात लोकसहभाग म्हणतात. त्याला हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो (तो यंत्रापासून चार हात लांब फोडावा, एवढे तंत्रज्ञान सर्वांनाच अवगत असते), सरपंच कळ दाबतात, फोटो निघतो, आणि मग त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. ही नोंदवही म्हणजे वापरून संपत नाहीत अशा वस्तूंचा हिशेब. खडू संपतो म्हणून त्याला तिच्यात जागा नाही, आणि लॅपटॉप कधीच संपत नाही असे गृहीत असल्यामुळे तो घंटा, सतरंजी आणि पाण्याचे पिंप यांच्या पंक्तीला बसतो. काही ठिकाणी बाकांवर घालतात तसा पांढऱ्या ऑइलपेंटचा क्रमांकही त्याच्या पाठीवर पडतो.

नोंद झालेली वस्तू मोडली, तर तिचे निर्लेखन करावे लागते. निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून रीतसर कमी करणे. त्यासाठी प्रस्ताव, पाहणी, त्रुटींची पूर्तता आणि मंजुरी अशी वाटचाल असते, आणि ती पुरी होण्याआधी बहुधा मुख्याध्यापकांची बदली होऊन मोडकी वस्तू पुढच्या मुख्याध्यापकांच्या हाती सही-शिक्क्यानिशी सुपूर्द होते. अशा स्थितीत लॅपटॉप मुलांच्या हाती देणे हे धाडस ठरते आणि कपाटाला कुलूप घालणे हे प्रशासकीय कौशल्य ठरते, यात मुख्याध्यापकांना दोष देण्यासारखे काही नाही. वसुली त्यांच्या पगारातून होऊ शकते, मुलांचे कुतूहल मात्र कोणत्याही लेखापरीक्षणात निघत नाही.

तथापि कपाट रोज उघडते, कारण कचेरीला माहिती हवी असते. २०१५ मध्ये सरल ही विद्यार्थ्यांच्या माहितीची ऑनलाइन प्रणाली आली. शिवाय शाळेच्या खोल्या, शौचालये आणि नळ मोजणारी यू-डायस आहे, आणि वेतनाची शालार्थ आहे, जिच्याबाबत मात्र कोणीही कधी चालढकल करीत नाही. विद्यार्थ्याला लॅपटॉप मिळो न मिळो, लॅपटॉपमध्ये विद्यार्थी पुरता उतरलेला असतो. त्यातही संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरविण्यासाठी, आधारशी नाव जुळलेलीच मुले धरायची असल्यामुळे, ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येते याचे जे सखोल संशोधन शिक्षकवर्गाने केले आहे, ते एखाद्या विद्यापीठाच्या भाषाविभागाने हेवा करावा असे आहे. पहिल्या बाकावर बसून हजेरी देणारा मुलगा एका अक्षरापायी इनव्हॅलिड ठरतो, आणि त्याच्यासोबत कदाचित गुरुजींचे पदही.

शाळेचा लॅपटॉप असा कामात असल्याने वर्गात येतो तो शिक्षकांचा स्वतःचा, आणि त्याचे परिणाम होतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पचनसंस्था दाखवायची असते, वायर प्रोजेक्टरला जोडली जाते, भिंतीवर निळ्या चौकोनात नो सिग्नल उमटते, वायर उपटून पुन्हा खोचली जाते, आणि मग सातवीच्या वर्गात मागून तो ठरलेला आवाज येतो : "सर, विंडोज आणि पी एकदम दाबा ना!" हा आवाज काढणारा मुलगा पाढ्यांत कच्चा असतो, असे बहुधा आढळते. कळा दाबताच पचनसंस्थेऐवजी महाबळेश्वरला कुटुंबासह स्ट्रॉबेरी खाणारे सर भिंतीएवढे प्रकट होतात, मुली हळूच "त्या बाई कोण?" असे विचारतात, आणि अन्ननलिकेपर्यंत पोहोचायच्या आत यंत्राला अपडेटची हुक्की येते. अपडेटचे आकडे मंदगतीने चढत असताना शेकडेवारी शिकवून घेणारा शिक्षक खरा प्रसंगावधानी म्हणावा. कारण शंभर टक्के होण्यापूर्वी वीज जाते.

हा घोळ केवळ इकडचा आहे असे समजू नये. निकोलस निग्रोपोंटे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत मांडला, तेव्हा विजेवाचून तो चालावा म्हणून लावलेले हँडल संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांनी फिरविताच निखळले, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी पाठवायचा असा प्रश्न तेथे कोणी काढला नाही. तोच हिरवा-पांढरा लॅपटॉप, हँडलाविना, २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेत प्रयोगादाखल आला. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले, आणि २०१२ मध्ये तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा गणितात व भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही. मुलांना लॅपटॉप मात्र चांगला चालविता येऊ लागला होता. तज्ज्ञांनी याला अपयश म्हटले. वस्तुतः लॅपटॉप दिल्यावर लॅपटॉप येतो, गणितासाठी गणिताचा शिक्षक लागतो, यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. आणि मूल जे शिकले ते हातात घेऊनच शिकले, ही गोष्ट कपाटवाल्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

म्हणून जिल्हा परिषदांना एवढीच विनंती आहे की, पाच वर्षे वापरलेला लॅपटॉप प्रस्तावाविना नोंदवहीतून कमी करण्याची मुभा मुख्याध्यापकांना द्यावी, आणि बंद पडलेला लॅपटॉप कपाटात न ठेवता एक स्क्रू-ड्रायव्हर देऊन आठवीच्या वर्गाच्या हवाली करावा. बॅटरी तेवढी आधी काढून घ्यावी.